‘घाबरू नकोस’ म्हणणं आधी बंद करा

परवा आमच्या टीममधली एक मुलगी मॅटर्निटी लीव्हवर गेली. पहिलंच बाळंतपण. केक कापला, फोटो काढले आणि निघताना प्रत्येकाने तिला एकच सल्ला दिला, "घाबरू नकोस हं!" मी पण दिला. डेस्कवर येऊन बसलो आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या लेकीच्या वेळी हेच वाक्य मी बायकोला ऐकवलं होतं, लेबर रूमच्या दारात. त्यानंतर नऊ तास मी बाहेर खुर्चीवर, आणि ती आत एकटी.

नंतर ती म्हणाली, "कळा सहन झाल्या रे. पण काय चाललंय ते कुणी सांगतच नव्हतं. विचारलं की ओरडायचे."

आता मला सांगा, एखादी सिस्टीम पहिल्यांदा लाइव्ह न्यायची असेल तर आपण काय करतो? कागद वाचतो, रात्री कोण जागं राहणार ते ठरवतो, बिघडलं तर काय करायचं ते लिहून ठेवतो. तिथे कुणी नुसतं "घाबरू नकोस" म्हणालं तर त्याला मीटिंगमधून हाकलून देऊ! मग बाळंतपणालाच हा न्याय का?

बरं, ही भीती येते कुठून? डोहाळजेवणात ओटी भरता भरता "माझ्या वेळी तर मरता मरता वाचले गं" हे सांगणारी एक तरी मावशी असतेच. वर "बाईचा दुसरा जन्म असतो" आहेच. नऊ महिने घाबरवायचं आणि नवव्या महिन्यात म्हणायचं, घाबरू नकोस. वा रे वा!

तिला खरी माहिती कोण देतं? सिनेमात कळ येते आणि दोन मिनिटांत बाळ रडतं. प्रत्यक्षात पहिलटकरणीची सुरुवातीची अवस्था बरीच लांबू शकते, तिला ठरावीक वेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार पिशवीचं तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यावर खरा वेग धरतो, आणि तिथून पुढे पहिल्या वेळी साधारण 12 तासांपर्यंत लागू शकतात. जोर लावायला लागल्यावर बहुतेकदा 3 तासांत बाळ येतं. दोन कळांच्या मध्ये विश्रांती मिळते. एवढं जरी माहीत असेल, तरी सहाव्या तासाला "माझंच काहीतरी चुकतंय" असं तिला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्यांमधल्या 15 हजारांवर बायकांची माहिती तपासली होती. कळांच्या वेळी सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही थोडा कमी होतो, असं त्यात दिसलं. आपल्या सरकारनेही 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालासुद्धा. मग हजारो रुपये मोजूनही आपल्याला "बाहेर थांबा" का ऐकायला लागतं? कारण आपण आधी विचारत नाही!

"आमच्या आजीची दहा बाळंतपणं घरीच झाली, कसली भीती?" हे ठरलेलं उत्तर. अहो, आजीजवळ सुईण होती, आई होती, शेजारणी होत्या. ती एकटी नव्हती. आणि तेव्हा बायका बाळंतपणात जायच्याही, ते सोयीस्करपणे विसरू नका. 2018-20 च्या आकडेवारीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू नोंदले गेले. इथवर आलो ते दवाखान्यांमुळेच. माझं भांडण दवाखान्याशी नाही, तिथल्या बंद दाराशी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (2019-21) पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीत 14.3 टक्के. हे सगळं भीतीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण घाबरलेलं घर प्रश्न विचारत नाही, सही करतं. गरज असेल तर सिझेरियन कराच, एपिड्युरल हवं असेल तर घ्याच. त्यात हार-जीत कसली? फक्त ते तिला समजून, तिला विचारून झालं पाहिजे.

तेव्हा नवरेमंडळी, कामाला लागा. सातव्या महिन्यात दोघांनी लेबर रूम बघून या. विचारा: आत सोबत कोण थांबू शकेल? वेदना कमी करायला काय सोय आहे? सिझेरियनचा निर्णय कधी आणि कसा घेता? रात्री डॉक्टर असतात का? भीतीने तिची झोपच उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या भीतीला टोकोफोबिया असं नाव आहे आणि त्यावर मदत मिळते. ही नाटकं नव्हेत.

असो. सोमवारी त्या मुलीला फोन करणार आहे. "घाबरू नकोस" म्हणणार नाही. "आत तुझ्यासोबत कोण असणार आहे?" एवढंच विचारणार आहे.