संगणक खोलीला कुलूप, तरी मीटर चालूच!



'विजेची बचत' हा निबंध मी बारा वर्षं मुलांकडून लिहून घेतला. "गरज नसताना दिवे व पंखे बंद करावेत" हे वाक्य पाचवीच्या पोरालाही झोपेत येतं. त्यात संगणक मात्र कुठेच नसायचा. आपल्यालाच ते नीट ठाऊक नव्हतं, तर मुलांना कुठून असणार?

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. दहा संगणक आहेत. मिळाले तेव्हा फीत कापली, पेढे वाटले. बिल कोण भरणार हे मात्र त्या दिवशी कुणी बोललं नाही. मग थकबाकी वाढली आणि एक दिवस कनेक्शन कापलं गेलं. दोन महिने शाळेत वीज नव्हती. पालकांनी वर्गणी काढली, आम्ही शिक्षकांनी थोडी भर घातली, तेव्हा लाईट परत आली. आमच्या हेडसरांनी मात्र धसका घेतला आणि संगणक खोलीला कुलूप लावलं. तपासणी असली की कुलूप उघडायचं, कव्हरं काढायची, अधिकारी गेले की पुन्हा झाकायची. मी त्यांना दोष देत नाही. पुढचं बिल कशातून भरायचं ही काळजी त्यांनाच होती. तरीही हे सांगायलाच हवं की मुलांनी संगणकाला हात लावला नाही म्हणजे बचत झाली, असं नाही.

आता गंमत ऐका. सातवीला वीज हा घटक शिकवत होते. मुलांना मीटर दाखवायला व्हरांड्यात नेलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवणं. मुलांना म्हटलं, "सगळे पंखे, दिवे, पाण्याची मोटर बंद करा. आता लाल दिवा थांबायला हवा."

थांबला नाही. "बाई, काहीच चालू नाही, तरी लुकलुकतोय!" मुलांनी घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला चार वेळा.

शोधता शोधता कुलूपबंद खोलीपाशी पोचलो. हेडसरांकडून किल्ली आणली. आत दहा यूपीएसचे हिरवे दिवे शांतपणे जळत होते. संगणक शटडाऊन केलेले, पण भिंतीवरचे स्विच चालूच! ते बंद केले आणि मीटरचा दिवा थांबला.

मग फळ्यावर गणित मांडलं. मिनिटाला ४, तासाला २४०, दिवसाला ५७६०. भागिले ३२००, म्हणजे रोज १.८ युनिट. महिन्याला ५४ युनिट. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यातसुद्धा! नंतर दहाही संगणक लावून मोजलं, तेव्हा मिनिटाला साधारण ४३ वेळा, म्हणजे तासाला ०.८ युनिट. रोज दोन तास मुलांनी संगणक वापरला तर महिन्याच्या बावीस दिवसांत ३५ युनिटच्या आसपास. म्हणजे ज्या खोलीला बिलाच्या भीतीने कुलूप लावलं होतं, ती बंद राहून जास्त वीज खात होती आणि उघडून शिकवलं असतं तर कमी लागली असती. हेडसर फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे आधी का नाही मोजलं?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, तो बघूनच भागाकार करा.

या सगळ्यातून माझं मत असं झालंय की शाळेत बचतीची सुरुवात घोषणांनी करू नये, मोजण्याने करावी. आपल्या डोक्यात चुकीच्या समजुती किती आहेत बघा. स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते, असं मीही मुलांना सांगितलेलं आहे. तो जुन्या काचेच्या डबा मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून होता. त्याचा विजेशी संबंध नाही. उलट हलते मासे दाखवायला संगणकाला काम करावं लागतं. काळा वॉलपेपर ठेवला तरी शाळेतल्या साध्या एलसीडी किंवा एलईडी मॉनिटरचा मागचा प्रकाश तसाच जळत राहतो. त्यापेक्षा ब्राइटनेस कमी करा, डोळ्यांनाही बरं. आणि "सारखा बंद-चालू केला की संगणक बिघडतो" या धाकापायी आपण तो साडेदहा ते पाच चालू ठेवतो. दहा संगणक असे साडेसहा तास चालले तर रोज पाच युनिटच्या वर जातात. पॉवर ऑप्शन्समध्ये पाच मिनिटांनी स्क्रीन बंद आणि पंधरा मिनिटांनी स्लीप, एवढं एकदा लावून ठेवलं की तास संपल्यावर मुलं खेळायला पळाली तरी चालतं.

यूपीएसबद्दल एक सावधगिरी. भिंतीवरचा स्विच बंद करण्याआधी यूपीएसचं स्वतःचं बटण बंद करा. नाहीतर तो बॅटरीवर टीं टीं करत बसतो आणि बॅटरी उतरते. मोठ्या सुट्टीत महिन्यातून एकदा चार्ज करून घ्या, पूर्ण उतरून पडलेली बॅटरी खराब होते. प्रोजेक्टरवर मुलं वही लिहीत असतील तर रिमोटने चित्र लपवून भागत नाही, बहुतेक प्रोजेक्टरचा दिवा आत जळतच असतो. पण दिव्याचा प्रोजेक्टर पाच-पाच मिनिटांनी बंद-चालूही करू नका. त्यापेक्षा पडद्यावरचं काम सलग घ्या आणि लिखाण नंतर.

काही शिक्षक मित्र म्हणतात, "सोलर बसवा, कटकट मिटली." बसवा ना, छानच आहे. पण रात्रभर यूपीएस चालू राहिले तर ते सोलरच्या बॅटरीलाही पोखरणारच. आणि वरच्या मंडळींना एकच विनंती, संगणक देताना त्याच्या बिलाची तरतूदही त्याच कागदावर लिहा. शाळेच्या अनुदानात खडू, झाडू, दुरुस्ती, वीज सगळं बसवायचं म्हटलं की पहिला बळी संगणक खोलीचाच जातो. आम्ही युनिट वाचवू, पण शून्य युनिटमध्ये संगणक शिकवता येत नाही.

पालकहो, घरी मूल "टीव्हीचा बोर्ड बंद करा" म्हणून मागे लागलं तर रागावू नका. आमच्या सातवीतल्या एकीने घरचा मीटर मोजला आणि वडिलांना रिकाम्या सॉकेटवर गरम होणारा जुना चार्जर दाखवला.

आता खोलीची किल्ली सातवीच्या मुलांकडे असते. दाराला एक वही टांगली आहे. शेवटी निघणारा मूल स्विच बंद करून व्हरांड्यात जातो, एक मिनिट लाल दिवा मोजतो आणि आकडा लिहितो. परवा तिथे '२' लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी पोरं तो कुठून आला ते शोधत शाळाभर फिरत होती. शेवटी तो ऑफिसमधला प्रिंटर आणि माझ्या टेबलाखालचा लॅपटॉपचा चार्जर निघाला.