पनवेलीस ॲनिमेचा मेळावा भरावा

काढलेल्या चित्रांस गति देऊन जपानांत जे चित्रपट तयार करितात, त्यांस ‘ॲनिमे’ म्हणतात. या चित्रपटांचें वेड हल्लीं विद्यार्थिवर्गांत फार पसरलें आहे, अशी पालकांची तक्रार वारंवार ऐकूं येते. ती निराधार नाहीं. कोपऱ्यांत एकट्यानें तासन्‌तास मोबाइलकडे पाहत बसणें हें ना डोळ्यांस हितकर, ना मनास. परंतु या दुखण्यावर बंदी हें औषध नव्हे. ही आवड चारचौघांत आणावी व तिच्या हातीं कांहीं काम द्यावें, हेंच श्रेयस्कर. याकरितां पनवेलीस अशा चाहत्यांचा एक लहानसा वार्षिक मेळावा भरावा, असें आमचें मत आहे.

मुंबई जवळ असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर हें कीं, मोठ्या मेळाव्यांत मुलगा तिकीट काढून गर्दींतला एक प्रेक्षक होतो. लहान मेळाव्यांत त्यास स्वतःचीं चित्रें मांडावयास जागा मिळते. टोकियोंतील ‘कॉमिकेट’ आज लाखों लोकांस आकर्षून घेतो. परंतु २१ डिसेंबर १९७५ रोजीं तो प्रथम भरला, तेव्हां त्यांत अवघीं ३२ मंडळें होतीं व आलेले लोक सुमारें ७०० होते. चाहत्यांनीं स्वतः रचून छापलेल्या पुस्तिका, हेंच त्याचें भांडवल.

शिवाय चित्रांतून कथा सांगणें आपणांस परकें नाहीं. आपल्या कोंकणांत, कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं, ठाकर समाजांतील चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें धरून पुराणकथा गाऊन सांगत आले आहेत. त्यांपैकीं श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. जपानचे युगो साको यांनीं आपले राम मोहन यांच्या साहाय्यानें रामायणावर केलेला १९९२ चा चित्रपट २०२५ च्या जानेवारींत भारतांतील चित्रगृहांतून दाखविला गेला. चित्रकथी व ॲनिमे हीं एकाच मंडपांत शेजारीं शेजारीं बसावींत, यांत विसंगत तें काय ?

मेळाव्याचा थाट साधा असावा. एक रविवार, एक दिवाणखाना व मुलांच्या चित्रांसाठीं कांहीं मेजें एवढें पुरे. वेष विकत न आणतां घरींच शिवावे. मुख्य म्हणजे प्रत्येकानें कांहीं हालचाल स्वतः रेखाटून पाहावी. पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी सरकतात. जपानी चित्रकार पुष्कळदां एकच चित्र तीन चौकटींपर्यंत ठेवून आठ चित्रांत काम भागवितात. तरीहि दहा सेकंदांस ऐंशी चित्रें लागतातच ! तीं ज्यानें एकदां काढलीं, तो पुढें कोणतेंहि चित्र आळसानें पाहणार नाहीं.

पालकांनीं मात्र दूर राहूं नये. सारेच ॲनिमे बालकांसाठीं नसतात. म्हणून वयास योग्य अशांची निवड वडील माणसांनीं मुलांशीं विचारविनिमय करून करावी. विद्यार्थिमित्रहो, तुमची आवड व्यर्थ नाहीं हें वादानें सिद्ध होणार नाहीं. तें तुमच्या हातच्या चित्रांनींच सिद्ध होईल. तेव्हां पेन्सिलीस टोंक करा !