नसलेल्या हाताची वेदना

यंत्रात सापडलेला हात तोडावा लागला, की कायदा त्याचा हिशोब मांडतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरली होती. खांद्यातून हात गेल्यास ९० टक्के. जखम भरली, रक्कम हाती पडली, की प्रकरण मिटले असे मालक आणि सरकार मानतात. कामगाराचे दुखणे मात्र पुष्कळदा तेथूनच सुरू होते. नसलेली बोटे आवळली जातात, नसलेल्या तळव्यात नखे रुततात, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

हे ढोंग नव्हे आणि वेडही नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या जखमींवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल या डॉक्टरांनी गेल्याच्या आधीच्या शतकात या व्यथेचे सविस्तर वर्णन केले. अवयव गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ती कमीअधिक प्रमाणात भोगावी लागते. तुटलेल्या मज्जातंतूंचे आणि मेंदूतील बदलांचे ते फळ आहे. औषधांनी सर्वांनाच उतार पडत नाही.

अशा वेळी ॲक्युपंक्चरचा विचार पुढे येतो. अवयव जागेवर नसल्याने सुया बहुधा विरुद्ध बाजूच्या धडधाकट अवयवात किंवा कानाच्या पाळीवर टोचतात. ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या शिकून कलकत्त्यात रुजवली.

परंतु चीनमधून आली म्हणून ती शास्त्रीय ठरत नाही, आणि पाश्चात्त्य ग्रंथांत नव्हती म्हणून अशास्त्रीयही ठरत नाही. काही रुग्णांना आराम पडल्याच्या नोंदी आहेत, छोट्या चाचण्याही झाल्या आहेत. निर्णायक ठरावी अशी मोठी चाचणी मात्र झालेली नाही. या पोकळीत दुकानदारी फोफावते आणि भरपाईचे पैसे हमखास गुणाच्या आश्वासनापायी उडतात.

म्हणून ही परीक्षा कामगार विमा रुग्णालयांत, विनाशुल्क आणि काटेकोरपणे व्हावी. सुई स्वस्त असते. महाग असतो तो प्रशिक्षित हात आणि त्याचा वेळ. प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई वापरली जावी. औषधे, नीट बसणारा कृत्रिम अवयव आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणलेली आरशाची उपचारपद्धती यांच्या जोडीला हा उपचार असावा, त्यांच्या जागी नव्हे.

२००९ च्या दुरुस्तीने कामावरील इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च कामगाराला भरून देणे मालकावर बंधनकारक केले. मागे उरणारी वेदना ही त्याच इजेचा भाग आहे, हे कामगार संघटनांनी प्रत्येक दाव्यात लेखी मांडले पाहिजे. हात गेला हे परिशिष्टाला दिसते. तो अजून दुखतो, हे चळवळीनेच दाखवून द्यावे लागेल.