अभ्यासक्रमाला कोण विचारतं?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक फोन करतात. अमुक कॉलेज कसं आहे, नॅकची श्रेणी कुठली आहे, असं विचारतात. श्रेणी सांगता येते. ती फाटकावरच्या पाटीवर सीजीपीएसकट लिहिलेली असते. पण त्यांची मुलगी तिथल्या ज्या बी.ए. अर्थशास्त्राला किंवा बी.एस्सी. रसायनशास्त्राला आयुष्याची तीन वर्षं देणार, तो अभ्यासक्रम कसा आहे, तो नीट तपासला गेला त्याला किती वर्षं झाली, तपासणाऱ्यांना काय आढळलं, याचा त्या पाटीवर पत्ता नसतो. पालकही ते विचारत नाहीत. असं काही विचारायचं असतं, हे आपण त्यांना कधी सांगितलेलंच नाही.

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झाली. २०१७ मध्ये तिने जी पद्धत आणली, तीत सात निकष आणि एकूण एक हजार गुण. विद्यापीठासाठी अभ्यासक्रमाला १५०, अध्यापन आणि मूल्यमापनाला २००, संशोधनाला २५०, उरलेल्या चार निकषांना प्रत्येकी शंभर. त्यांवरून काढलेला सीजीपीए चारपैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त असेल तर ए++. श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी आणि ती अख्ख्या संस्थेला. एकाच इमारतीत वनस्पतिशास्त्राचा विभाग उत्तम चालत असेल आणि इतिहासाच्या विभागात पूर्णवेळ शिक्षकच उरला नसेल, तरी दोघांच्या डोक्यावर अक्षर तेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या प्रकरणात सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. ती उडायलाच हवी होती. पण समजा उद्यापासून प्रत्येक समिती धुतल्या तांदळासारखी झाली, तरी माझा प्रश्न तसाच राहतो. ती समिती संस्था बघायला येते. एखाद्या पदवीत मुलं काय शिकली आणि ते शिकून त्यांचं पुढे काय झालं, हे बारकाईने बघायला तिला दोन-तीन दिवसांत वेळ मिळणं शक्यच नाही.

फक्त संस्था तपासण्याची ही सवय जुनी आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. पुढे १९०४ च्या कायद्याने संलग्न महाविद्यालयांची ठरावीक काळाने तपासणी आणली. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षक, पैसा. तेव्हापासून आपल्याकडे तपासणी होते ती महाविद्यालयाची, आणि स्वायत्त महाविद्यालयं सोडली तर महाविद्यालयाच्या हातात अभ्यासक्रम नसतोच. जो शिकवतो तो अभ्यासक्रम ठरवत नाही, जो ठरवतो त्याला तो शंभर ठिकाणी कसा शिकवला जातो हे दिसत नाही, आणि जाब विचारला जातो तो ज्याने ठरवला नाही त्याला.

मग अभ्यासक्रम बदलतो कसा? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ असतं. ते मसुदा करतं, तो विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्या परिषदेकडे. कागदावर ही रचना चांगली आहे. बाहेरच्या विद्यापीठातले आणि उद्योगांतले लोकही तिच्यात घेता येतात. प्रत्यक्षात काही वर्षांनी ‘पॅटर्न बदलायचा’ असं वरून ठरतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना २०१५ चा पॅटर्न, २०१९ चा पॅटर्न, २०२४ चा पॅटर्न तोंडपाठ असतात, कारण बॅकलॉग राहिला की जुन्या पॅटर्नची परीक्षा कधीपर्यंत होणार याची चिंता त्यांनाच असते. नवा पॅटर्न येतो तेव्हा जुन्याने काय साधलं, कुठे फसला, याचा अहवाल निदान मुलांच्या आणि पालकांच्या हाती तरी येत नाही.

बैठकीत खरी चर्चा कशावर रंगते, हे त्या खोलीत बसलेल्या कुणालाही विचारा. वर्कलोडवर. एक पेपर कमी केला तर आठवड्याचे तास कमी होतात, तास कमी झाले की एखाद्या महाविद्यालयातली जागा धोक्यात येते. मी हे शिक्षकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. वर्षानुवर्षं पदभरती रखडलेली असताना असलेली जागा टिकवण्याची धडपड समजण्यासारखी आहे. पण त्या धडपडीत कालबाह्य पेपर तगून राहतात. आणि ज्यांच्या जिवावर आज अनेक विभाग चालतात ते तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक त्या खोलीत नसतात. कोणत्या प्रकरणाला मुलं अडखळतात, कोणतं पुस्तक मराठीत मिळतच नाही, कोणत्या धड्यानंतर वर्ग जागा होतो, याची सगळ्यांत ताजी माहिती त्यांनाच असते.

अर्थशास्त्रातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग अस्तित्वात आला, योजना आयोग त्याआधीच गुंडाळला होता. त्यानंतर कितीतरी काळ मी प्रश्नपत्रिकांत ‘योजना आयोगाची कार्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न पाहिला, आणि मुलं ती कार्ये वर्तमानकाळात लिहीत होती. अभ्यासक्रमात दुरुस्ती झाली होती. प्रश्नपेढीपर्यंत, बाजारातल्या गाईडांपर्यंत ती पोहोचली नव्हती. म्हणून मला वाटतं की पदवीची पारख करायची असेल तर अभ्यासक्रमाची पुस्तिका बाजूला ठेवून आधी पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ओळीने मांडाव्यात. तालुक्याच्या गावातला मुलगा तीन वर्षं जे शिकतो ते बहुतांशी त्यांत असतं. पुस्तिकेत ‘चिकित्सक विचारशक्तीचा विकास’ असं लिहिलेलं असतं, आणि पाच वर्षांत चिकित्सा करायला लावणारा एक प्रश्न सापडत नाही.

इंजिनिअरिंगमध्ये एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन ही संस्था आहे, ती या प्रश्नाच्या जास्त जवळ जाते. ती संस्थेला नाही, एकेका शाखेला अधिस्वीकृती देते. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरला ती असते आणि सिव्हिलला नसते, असं होऊ शकतं. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये कायम सदस्य झाला तो तिच्यामार्फतच. पण तिथेही मुलाला काय येतं हे ठरवताना शेवटी मुख्यतः परीक्षेतल्या गुणांवरूनच टक्केवारी काढतात. शिक्षकांच्या रात्री त्या एक्सेलच्या तक्त्यांत जातात.

युरोपातल्या देशांनी २००५ मध्ये उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेची एक समान चौकट मान्य केली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. तिच्यात प्रत्येक अभ्यासक्रमाची सतत देखरेख आणि ठरावीक काळाने फेरतपासणी हे स्वतंत्र कलम आहे. काय बघायचं तेही दिलं आहे: विषयातलं नवं संशोधन आशयात आलं का, समाजाची गरज बदलली का, परीक्षेची पद्धत योग्य आहे का, किती विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात, आणि विद्यार्थ्यावर कामाचा भार किती पडतो. फेरतपासणीत विद्यार्थ्यांना सामील करून घ्यायचं आणि झालेले बदल जाहीर करायचे, असंही त्यात आहे. सगळीकडे हे मनापासून होतं असं मी म्हणणार नाही. पण कलम आहे, म्हणून विद्यार्थ्याला त्यावर बोट ठेवता येतं.

भाराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या नव्या श्रेयांक चौकटीत वर्षाला ४० श्रेयांक आणि १,२०० तास धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही येतो. सकाळी कॉलेज करून दुपारपासून दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा घरच्या शेतात राबणारी मुलं हे तास कुठून आणतात? एखाद्या विद्यापीठाने आपल्या हजारभर मुलांना आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितलं तरी अर्धा अभ्यासक्रम नव्याने लिहावासा वाटेल. नॅकसाठी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्ममधून हे कळत नाही. ‘अभ्यासक्रम उपयुक्त वाटला का’ या प्रश्नापुढे पाच चौकोन, आणि वर्गशिक्षक समोर उभे.

मागणी मोठी नाही. दर पाच वर्षांनी एकेक पदवी समोर घ्यावी. प्रथम वर्षाला किती आले आणि वेळेत किती बाहेर पडले, मुली कोणत्या वर्षी गळाल्या, हे आकडे परीक्षा विभागाकडे आजही असतात. दुसऱ्या विद्यापीठातले दोन शिक्षक, ग्रामीण महाविद्यालयातला एक, तासिका तत्त्वावरचा एक आणि अलीकडेच पदवी घेतलेली दोन मुलं बसवावीत. त्यांचा अहवाल आणि त्यावर अभ्यास मंडळाचं उत्तर, दोन्ही प्रवेशाच्या आधी मराठीतून संकेतस्थळावर ठेवावं. फोन करणाऱ्या पालकांना मग वाचायला काहीतरी असेल.

याला मुहूर्तही जवळच आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, असं सगळं एकदम पदरात पडलेली ती पहिली तुकडी, काही ठिकाणी तर वर्ग सुरू झाले तरी अभ्यासक्रम हातात न आलेली. चौथ्या वर्षाला न थांबणारी मुलं २०२७ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडतील आणि कामधंद्यासाठी चाकण, पनवेल, हैदराबाद अशी पांगतील. मायनर विषय खरंच निवडता आला का, की जो शिक्षक उपलब्ध होता त्याचा घ्यावा लागला? ओजेटीत काम शिकवलं की फक्त सही मिळाली? हे सांगू शकणारी माणसं तीच. त्यांचे फोन नंबर आणि पत्ते विभागांनी आत्ताच नोंदवून ठेवावेत, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढच्या पॅटर्नची बैठक बोलावू नये.