राणीछाप रुपया आणि सरकारची पत

दूरदेशीच्या युद्धाची झळ यवतमाळच्या कापसाला लागावी आणि त्याविषयी कास्तकाराला कोणी अवाक्षरही विचारू नये, हा प्रकार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींची संमती न घेता हिंदुस्थान युद्धात ओढला. नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शुक्ल मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि लोकमत असे दुभंगले की शेजारच्या पवनारला विनोबा युद्धविरोधी सत्याग्रहास उभे राहत असता सावरकर तरुणांना सैन्यभरतीचा आग्रह करीत होते, आणि कम्युनिस्टांना तर कालचे साम्राज्यशाही युद्ध रशियावर हल्ला झाल्यावर लोकयुद्ध भासू लागले.

परंतु पुढाऱ्यांचे वाद चालू असताना खरा कौल दिला तो बाजाराने. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि लोक नोटा मोडून चांदीचे रुपये मागू लागले. तेव्हा सरकारने गरजेबाहेर नाणी साठविणे गुन्हा ठरविले, एक रुपयाची कागदी नोट काढली, रुपयातील चांदी बारा हिश्श्यांपैकी अकरांवरून निम्म्यावर आणली आणि पुढच्याच साली राणीछाप रुपया चलनातून बाद केला. ज्यांनी आयुष्यभर रुपया दगडावर वाजवून, त्याचा नाद ऐकूनच गाठीला बांधला होता, आणि पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांतील ज्या स्त्रियांच्या गळ्यात तोच रुपया माळेत ओवलेला होता, त्यांना सरकार बद्द वाजू लागले हे सांगण्यास कोणा वक्त्याची गरज नव्हती. त्यात डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, आणि आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकच गेले.

अशा काळात वणीचे सुपुत्र, १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करणारे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले होते. आत राहून काही साधेल, ही त्यांची श्रद्धा आम्हांस भाबडी वाटते, अप्रामाणिक नव्हे. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण चालू असता, त्यांची सुटका होत नाही असे दिसताच, अणे यांनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांनी सिलोनमधील सरकारी प्रतिनिधीपद पत्करले, हेही लपविण्याचे कारण नाही.

आजचे सरकार परके नाही, आपण निवडलेले आहे. म्हणूनच तक्रार अधिक हक्काची. युक्रेनचे युद्ध चालू असता रशियाचे तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या मालावर २५ टक्के जादा जकात लादली. वस्त्रोद्योगाला दिलासा हवा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले व ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. निर्णय झाला तेव्हा पऱ्हाटीला पात्या धरल्या होत्या. सीतादही होऊन पहिला वेचा घरी येतो, तो हंगाम नेमका या मुदतीत सापडला. गिरण्यांची अडचण खरी असेल, पण तिची भरपाई कोणाच्या खिशातून व्हावयाची, हे कास्तकाराला विश्वासात घेऊन ठरले नाही.

यापुढे आयातशुल्काचा निर्णय केंद्राने मृग लागण्यापूर्वी जाहीर करावा. पऱ्हाटी लावावी की सोयाबीन, हे कास्तकाराला तेव्हाच ठरवावे लागते.