काम हवे, पण किती तासांचे?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांच्या निमित्ताने झालेली चर्चा मुख्यतः कामाचे तास किती वाढवता येतील, या एकाच प्रश्नाभोवती फिरली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तर सप्टेंबर २०२५ मध्येच कारखान्यांतील दैनंदिन तासांची मर्यादा नऊवरून बारावर नेण्यास मान्यता दिली होती. आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास अशी उद्योगधुरीणांची बोलीही त्याआधीच लागली होती. या गदारोळात कमी तासांचे काम हवे असणाऱ्यांचा प्रश्न मागे पडला, आणि श्रमबाजाराचे खरे दुखणे तेथेच आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०११-१२ मध्ये घरकामात गुंतलेल्या स्त्रियांना एक साधा प्रश्न विचारला होता: घरच्या घरी काम मिळाले तर कराल काय? ग्रामीण भागातील सुमारे ३४ टक्के, तर शहरी भागातील सुमारे २८ टक्के स्त्रियांनी होकार दिला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची पसंती नियमित, परंतु अर्धवेळ कामाला होती. सरकारी हिशेबात मात्र त्या बेरोजगार नव्हेत. पूर्ण दिवसाची नोकरी झेपणार नाही हे ठाऊक असल्याने त्या नोकरी शोधायलाच जात नाहीत. आणि जो शोधत नाही व उपलब्धही नाही, तो श्रमशक्तीबाहेरचा ठरतो.

यात आळसाचा संबंध नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. मुलांची व वृद्धांची शुश्रूषा त्यात धरलेली नाही. जवळजवळ पाच तासांच्या या पाळीवर आठ तासांची नोकरी आणि राजधानीतील जाण्यायेण्याचा वेळ चढवला की दिवस संपतो. दिल्लीत २०१९ पासून स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य झाला. त्याने पैसे वाचले, वेळ नव्हे. पतीच्या बदलीबरोबर येथे आलेल्या पदवीधर मराठी स्त्रीला हे गणित कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, याचे श्रेय सरकार घेते. तथापि त्याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमधील स्वयंरोजगाराचे प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्के झाले. शेत, दुकान, घरगुती धंदा: वेळ आपल्या सोयीने बसवता येईल अशी ही कामे. त्यांत मोबदल्याविना राबणाऱ्या कुटुंबीयही आल्या. वेळेची सोय मिळाली ती बहुधा वेतनाच्या मोबदल्यात.

‘अर्धवेळ’ या शब्दाविषयी कामगार संघटनांच्या मनात संशय आहे आणि तो निराधार नाही. अंगणवाडी सेविकांना सरकारने वर्षानुवर्षे मानधनावर राबवले. त्यांचे काम अर्धवेळ आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो अमान्य करून त्यांना उपदानाचा हक्क दिला. शासनच असा पायंडा पाडत असेल, तर खासगी मालकाकडून अधिक काय अपेक्षावे?

केंद्राने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. नोकरीत असलेल्यांना तिचा मोठा आधार झाला. परंतु उंबरठ्याबाहेर असलेल्यांना ती आत आणत नाही. त्यासाठी वेतन, भविष्यनिर्वाह निधी व बढती तासांच्या प्रमाणात देणारी नियमित पदे हवीत. वेतन संहितेत किमान वेतन तासावर ठरवण्याची मुभा आहेच. राज्यांनी ती वापरावी आणि केंद्राने आपल्याच कार्यालयांत अशा पदांचा प्रयोग करावा. रात्रपाळीची दारे संहितेने स्त्रियांना त्यांच्या संमतीने उघडली, हे योग्यच झाले. मात्र पाळणाघराची सक्ती अजूनही पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेपासूनच सुरू होते, आणि देशातील बहुतेक दुकाने, कार्यशाळा व कार्यालये त्या आकड्याच्या खालीच आहेत.