पान दुमडू नका

तालुक्याच्या ग्रंथालयातून गेल्या आठवड्यात एक जुनी कादंबरी आणली. चाळता चाळता एका पानाचा वरचा कोपरा हातात आला. कुणी तो मुद्दाम फाडलेला नव्हता. एका वाचकाने दुमडला, दुसऱ्याने सरळ केला, तिसऱ्याने परत त्याच घडीवर मोडला आणि जीर्ण कागदाने शेवटी दम सोडला. पानाचा आकडाही त्या तुकड्याबरोबर गेला. मग मुद्दाम पाहिले, तर आणखी अकरा पानांवर तशाच घड्या. मध्ये एका ठिकाणी यू-पिनचा गंज उतरून समोरासमोरच्या दोन्ही पानांवर तांबूस डाग पडला होता, आणि त्याखालची अक्षरे नीट लागत नव्हती.

हे सगळे कशासाठी, तर कुठवर वाचले ते लक्षात राहावे म्हणून.

पोथीला ही अडचण कधी फारशी आली नाही. तिची पाने सुटी. वाचून झालेले पान उलटून बाजूला ठेवायचे, अध्याय पुरा झाला की थांबायचे आणि पोथी बासनात बांधायची. शिवलेले, चिकटवलेले पुस्तक आले, मधेच थांबण्याची सवय आली आणि खूण लागू लागली. मग जे हाताशी सापडेल ते आत घालायचे, हीच रीत पडली.

त्यातले काय चालते आणि काय चालत नाही, एवढे तरी वाचणाऱ्याला माहीत हवे. वर्तमानपत्राचा कपटा तर मुळीच ठेवू नये. तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्यातले आम्ल हळूहळू शेजारच्या पानात उतरते आणि काही वर्षांनी त्या कपट्याच्या आकाराची तपकिरी सावली पुस्तकावर कायमची राहते. टाचणी, यू-पिन, केसांचा आकडा या वस्तू पावसाळी हवेत गंजणारच. कोकणात तर एक पावसाळाही पुरतो. चिकट चिठ्ठी काढली तरी तिचा डिंक मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. पेन्सिल किंवा चष्मा आत ठेवून पुस्तक मिटले, की नुसत्या गोंदावर बांधलेल्या पुस्तकाचा कणा तडकतो आणि पाने सुटायला लागतात. पुस्तक उघडे पालथे घातले तरी तेच. ओले पान-फूल डाग पाडते. पिंपळपान जपायचे असेल, तर ते पूर्ण सुकून जाळी झाल्यावर जपा, तेही स्वतःच्या वहीत. लाल दोरा पुष्कळजण वापरतात. तो कच्च्या रंगाचा नाही ना, हे आधी ओल्या कापडावर घासून बघावे.

घरातला चांगला पर्याय म्हणजे जुनी लग्नपत्रिका. तिच्या मागच्या कोऱ्या, गुळगुळीत पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद पट्टी कापली की झाले. सोनेरी छपाईचा भाग मात्र टाकून द्यावा. पट्टी पानापेक्षा थोडी आखूड ठेवावी. बाहेर डोकावणारे टोक आधी मुडपते आणि मग पानालाही मुडपते. जुन्या एसटीच्या छापील तिकिटांनीही हे काम इमानाने केले. आता यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. त्या रसायन लावलेल्या कागदावर मी पुस्तकाचा भरवसा ठेवणार नाही.

पण टिकाऊ खूण हवी असेल, तर हातकागदासारखे दुसरे काही नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यातून होतो. सुती धाग्यात कागद पिवळा पाडणारे द्रव्य जवळजवळ नसते, तंतू लांब असतात, म्हणून अशी पट्टी वर्षानुवर्षे हाताळली तरी तुटत नाही आणि शेजारच्या पानालाही इजा करत नाही. हातकागदाच्या एका मोठ्या तावात घरातल्या सगळ्या पुस्तकांना पुरतील इतक्या पट्ट्या निघतात.

घरच्या पुस्तकाचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. ग्रंथालयाचे पुस्तक मात्र पुढच्या वाचकाचे असते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत कितीतरी पुस्तके अशी आहेत, की ती पुन्हा छापली गेली नाहीत आणि आता बाजारात शोधून मिळत नाहीत. तिथे मोडलेला कोपरा भरून येत नाही.

प्रकाशकांनाही थोडे सांगायचे आहे. सहाशे-सातशे पानांच्या कापडी बांधणीच्या ग्रंथाला कण्यातून फीत सोडण्याचा खर्च त्याच्या किमतीत जाणवणारही नाही. साध्या बांधणीच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ छापताना कार्डशीटच्या कडेला जी पट्टी उरते, तिच्यावर वाचनखूण छापता येते. काही प्रकाशक हे करतात, बाकीच्यांनीही करावे.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. शाळांमध्ये भाषणे होतात, पुस्तकांची मांडणी होते. यंदा मुलांकडून प्रत्येकी दहा पट्ट्या कापून घ्या आणि गावच्या ग्रंथालयाला द्या. ग्रंथपालांनी पुस्तक देताना त्यातली एक आत घालून द्यावी.